शेठची रानमोहरी

ये, अशी जवळ ये. पुण्याहून कशी येऊ म्हणशील, तर आधी डोळ्यांनी ये. हा कागद मांडीवर घे आणि तो फोन घटकाभर उलटा करून ठेव. माझं अक्षर किरटं, ओळी चढाला लागल्यासारख्या वर वर जातात, तेव्हा लक्ष लावूनच वाचावं लागेल.

आधी थोडी रागावते, मग सांगते. दिवाळीनंतर तू आलीस ती बूट घालूनच आत आलीस. "आजी, बसत नाही, तीनला परत निघायचंय." बरं बाई, नोकरी आहे, मला समजतं. पण पाण्याचा पेला हातात घेऊन गॅलरीत गेलीस, "अय्या, किती गवत माजलंय या खोक्यात!" म्हणालीस, आणि वाकून हात घातलास. मी ओरडले. अशी ओरडले की खालच्या गॅलरीतली बाई मान वर करून बघायला लागली. तू आधी दचकलीस, मग फुगलीस. "गवताला हात लावला तर एवढं?" म्हणून पेला तसाच कठड्यावर ठेवलास नि गेलीस. तेव्हापासून तुझा फोन येतो तो दोन मिनिटांचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते.

चूक माझीच. सांगायला हवं होतं. ते गवत नाही, आणि ते माझंही नाही. ते आमच्या शेठचं आहे.

शेठना तू पाहिलंयस. उल्हासनगरला आम्ही त्यांच्या बराकीत भाड्यानं राहायचो, तेव्हा सुट्टीत आलीस की ते तुझ्या फ्रॉकला बटणं लावून द्यायचे. फ्रॉकला गरज असो नसो. एकदा तर पाठीवर एक नि पोटावर एक लावलं होतं, आणि तू आरशासमोर गोल गोल फिरत होतीस. तेच ते.

लष्कराची जुनी लांबट बराक, तिचे तुकडे पाडून घरं केलेली. पुढचा भाग शेठचा, मागच्या दोन खोल्या आमच्या, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणात एक नळ. तो नळ आम्ही राहायला गेलो त्या दिवसापासून गळत होता, आणि बराक पाडली त्या दिवशीही गळतच होता. तुझे आजोबा अंबरनाथला एमआयडीसीत शिफ्टला जायचे. मी तिथंच जवळच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचे. आणि शेठचं बटणांचं नि चेनचं दुकान. दुकान म्हणजे एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. शेठ आपलं नुसतं म्हणायला.

त्यांच्या एका वाक्यात तीन भाषा असायच्या. सुरुवात सिंधीत, मध्ये हिंदी, आणि चिडले की मराठी. एकदा विचारलं मी, शेठ, चिडल्यावरच मराठी का? तर म्हणाले, "अदी, भांडण मराठीतच पोटभर होतं." अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. मला ते पहिल्या दिवसापासून अदी म्हणाले.

हाफ स्वेटर दिवाळीला अंगावर चढायचा तो होळीलाच उतरायचा, मग मध्ये कितीही उकडो. खिशात कायम बटणं. सुपारी काढावी तसं बोलता बोलता एखादं बटण काढायचे, बोटांत फिरवायचे, परत ठेवायचे. पाहुणा आला की आधी त्याच्या शर्टाकडे बघायचे, तोंडाकडे नंतर. आणि तसे अबोल. भाभी, म्हणजे त्यांची बायको, बोलून बोलून दोघांचं भरून काढायची. नळावर भांडी घासता घासता तिची बडबड चालायची. माझ्याशी, मांजराशी, आत पेपर वाचत बसलेल्या शेठशी. शेठ आतून नुसतं "हां, हां" करायचे. मला साई भाजी तिनंच शिकवली. चण्याची डाळ, पालक, चुका, थोडी मेथी, सगळं एकत्र शिजवून घोटायचं. "घोट, और घोट," म्हणायची, "अभी पालक दिख रही है."

भाभी एका पावसाळ्यात गेली. अचानक. मुलगी लांब, समुद्रापलीकडे कुठल्याशा बेटावर, जावयाचं तिकडं दुकान. ती आली, रडली, पंधरा दिवस राहिली, गेली. मग अंगणात नळाचा तेवढा आवाज राहिला.

शेठनी दाढी करायची सोडली. दुकान आधी दुपारी बंद ठेवायला लागले, मग पुरतंच बंद केलं. मी कामावरून येताना बघायचे, तर हे अंगणात पाटावर बसलेले आणि समोर द्राक्षांचे थर्मोकॉलचे रिकामे खोके, त्यात माती. पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर त्या मातीत हिरवं काही दिसायला लागलं. मी विचारलं नाही. मला वाटलं, आता स्वतःच रांधून खातात, तर लावली असेल चार पानं भाजी. बरंच केलं.

आणि इथंच माझ्या हातून ते झालं.

त्या थंडीत शेठना ताप आला. खानावळीतून मागवलेला डबा चार दिवस जसाच्या तसा परत जात होता. रविवारी माझी सुट्टी. म्हटलं, भाभी असती तर तिनं साई भाजी करून घातली असती, आज आपण करू. बाजारात गेले तर पालक पिवळा पडलेला, मेथी नुसत्या काड्या. परत आले, नि अंगणात खोके दिसले. हिरवीगार पानं, कडेला नक्षीसारखी कातरलेली. एक तोडून चावलं, तर तिखटसर, मोहरीसारखं. अगं, आमच्या मुरबाडकडे ही पाला-भाजी ओलीच्या जागी आपोआप येते, माझी आई डाळीत घालायची. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! विळी घेतली आणि तीन खोके मुळापर्यंत साफ केले. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मातीत एकेक बटण खोचलेलं निघालं. म्हटलं, पोरांनी टाकली असतील. तीही वेचली, धुतली, पुसली, डबीत ठेवली. शेठच्या वस्तू वाया जायला नकोत.

भाजी घोटली. अशी घोटली की भाभीनंही वाहवा केली असती. वाडगा भरून नेला, सोबत कांद्यात परतलेला भात. शेठ उशीला टेकून बसले. दोन घास खाल्ले नि थांबले.

"पालक कुठली ही?"

"घरचीच की शेठ! तुमच्याच खोक्यातली. ताजी."

त्यांनी वाडग्यात बघितलं. मला वाटलं, भाभीची आठवण आली. मग चमचा घेतला आणि सगळा वाडगा संपवला. शेवटी बोटानं पुसून घेतला.

"मीठ बरोबर आहे," म्हणाले. मग जरा वेळानं, "और बटन?"

"धुऊन ठेवलीत डबीत."

"अच्छा केलं."

मी खुशीत घरी आले. तुझ्या आजोबांना सांगितलं, शेठ चार दिवसांनी जेवले, माझ्या हातचं जेवले.

सकाळी कामाला निघाले तर हे अंगणात. अंगात ताप, वर स्वेटर, पुढ्यात तीन रिकामे खोके, आणि हातानं माती चाचपतायत. आंधळा माणूस पायरी चाचपतो ना, तसं. मी म्हटलं, "शेठ, थंडीत काय करताय? भाजी परत येईल की."

ते म्हणाले, "अदी, ती भाजी नव्हती." मग घाईघाईनं, "म्हणजे, भाजी चांगली होती. बहोत चांगली. पण ती भाजी नव्हती."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "मग काल बोलला का नाहीत?"

"तू एवढी प्रेमाने आणली. आणि भूक पण लागली होती."

अठ्ठावीस रोपं होती गं. अठ्ठावीस बटणं. प्रत्येकीला बटणावरून नाव. निळी, मोतीवाली, दोन भोकांची, चार भोकांची. मी एका दुपारच्या डाळीत सगळ्यांना शिजवून काढलं. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही, अंगणाच्या फरशा नि फटी बोटांनी शोधत बसले. पाण्याच्या पिंपामागे एक फुटका डबा सापडला आणि त्यात एक रोप, वाकडं, पिवळट. शेठनी ते आजारी म्हणून बाकीच्यांपासून वेगळं काढून सावलीत ठेवलं होतं. बुडाशी कोटाचं मोठं तपकिरी बटण.

"ही तर मरणार होती," शेठ म्हणाले. "कोटवाली."

ती मेली नाही. तुझ्या हाताखाली त्या दिवशी जे आलं होतं ना, ते सगळं त्या कोटवालीचं खानदान.

दंड म्हणून त्यांनी मला वीस पिशव्या शिवायला लावल्या. जीन्सच्या खिशाला आतून जे पातळ कापड लावतात, त्याच्या कातरणी कारखान्यात पडलेल्या असायच्या. त्याच्या करंगळीएवढ्या पिशव्या. शेंगा पिकायला लागल्या की त्यावर चढवून दोऱ्यानं बांधायच्या, म्हणजे शेंग उकलली तरी बी पिशवीतच. शेंगा कसल्या, मशीनच्या सुईएवढ्या. बी खसखशीहून बारीक, श्वास जोरात सोडला तरी उडतं. फूल नाकातल्या चमकीएवढं, पिवळं, चार पाकळ्यांचं. लांबून दिसतसुद्धा नाही. शेठ म्हणायचे, "जो वाकेल त्यालाच दिसेल. बाकीच्यांसाठी ती आहेच नाही."

आणि पाटी! पुढच्या वर्षी म्हणाले, पाटी लावू. तीन लिप्यांत. सिंधी आणि हिंदी त्यांनी लिहिलं, मराठी मला लिही म्हणाले. आता मला कुठं लिहिता येत होतं! शाळा मी बाहेरूनच पाहिलेली. कारखान्यात गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत अक्षरं ओळखायला लागले होते, कमर, लंबाई, एवढंच. पण ज्यानं माझी भाजी गिळली त्याला नाही कसं म्हणू? आठवडाभर पुड्यांच्या कागदांवर गिरवलं. मग खडूनं पाटीवर लिहिलं, 'ही भाजी नाही.' माझ्या हातचं चारचौघांनी वाचलेलं पहिलं वाक्य ते. गल्लीतली माणसं वाचायची, हसायची, आणि विचारायची, भाजी नाही तर मग आहे काय?

ते शेठनाही ठाऊक नव्हतं. फुलाचा एक तुरा डब्यात ओल्या रुमालावर ठेवून ते एका कॉलेजात गेले. तिथल्या एका सरांना दाखवला. दुपारी परत आले ते तरातरा, वरात घेऊन आल्यासारखे. मी नळावर होते.

"अदी! मोहरीच्या घराण्यातली आहे! रानातली मोहरी. आणि सुन, बाहेरून कुणी आणलेली नाही. इथलीच. असल इथली."

"मग?"

"मग काय मग? माझे आईबाप गाठोडं घेऊन या बराकीत आले, त्याच्याआधी ही इथे होती. म्हणजे घरमालक कोण? ही! मी हिचा भाडेकरू. तू भाडेकरूची भाडेकरू."

"मग नळ तिला दुरुस्त करायला सांगा," मी म्हटलं.

खूप दिवसांनी हसले त्या दिवशी. नळ मात्र त्यांनी मुद्दाम कधी दुरुस्त केला नाही. का ते नंतर कळलं.

त्यांचं सगळं करणं असंच. पाणी घालायचं ते चहाच्या गाळणीतून, म्हणजे रोपाला मार लागत नाही. बी मातीत पुरायचं नाही, नुसतं पसरून वरून तळहातानं थोपटायचं, तान्ह्या पोराला झोपवतात तसं. मोहरीला मावा पडतो तसा हिलाही पडतो, बारके चिकट किडे. त्यासाठी दाढीचा ब्रश. साबणाचा फेस करून एकेक देठ हळूच पुसायचे. म्हणायचे, "माझी दाढी वाढली, ब्रश रिकामा. हिची करतो." होळीच्या आसपास रोपं वाळून जायची, तेव्हा स्वेटर उतरवायचे. मग पावसाळा संपेपर्यंत नुसत्या मातीचे खोके, तरी त्यांच्याजवळ पाट टाकून बसायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "झोपली आहे. हळू बोल."

मी एकदा कंटाळून म्हटलं, "शेठ, नाल्याकाठी जाऊन बघा, ही ढिगानं उगवलेली असते. एवढा जीव कशाला पाखडता?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. चिडले नाहीत, तरी मराठीतच बोलले.

"रस्त्यावर माणसं पण ढिगानं आहेत, अदी. माझ्या घरात किती आहेत?"

मग माझं मीच भांडं उचललं नि आत आले. तुझे आजोबा गेले त्या वर्षी मला ते वाक्य पुन्हा आठवलं. आजोबांच्या दहाव्याला शेठ आले होते. सतरंजीवर बसून माझ्या ब्लाउजचं सैल झालेलं बटण बघत होते. दुसऱ्या दिवशी दारात सुई-दोरा आणि तशीच चार बटणं ठेवलेली.

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. फुलं आली होती, ऊन चांगलं पडलं होतं, मी शेजारी बसून लसूण सोलत होते. आपणहून बोलायला लागले.

"तुझी भाभी दरसाल सांगायची. नळाजवळ भिंतीच्या फटीत एकच रोप यायचं. भांडी घासता घासता ओरडायची, अजी सुनो, फूल आया. मी आतून हां हां. चाळीस साल हां हां. एकदा पण उठून बघितलं नाही. मला वाटलं, असेल काही. गुलाब असेल." खिशातलं बटण काढून फिरवलं. "ती गेली. थंडी आली. मी पेपर वाचत होतो, आणि कोणी ओरडलंच नाही. म्हणून उठलो. बाहेर आलो, तर हे. एवढंसं. आलेलं होतं, अदी, आणि सांगायला कोणी नाही."

मी लसूण सोलत राहिले. त्या फटीला नळाच्या गळतीचं पाणी जायचं. म्हणून तो नळ तसाच.

पुढं बराक बिल्डरला दिली. सगळ्याच आजूबाजूच्या दिल्या, एकटे शेठ कसे थांबणार? तुझ्या मामानं मला इथं बदलापूरला, शिरगावात हा फ्लॅट घेऊन दिला, आणि शेठना मुलीनं बेटावर बोलावलं. जायच्या आधी आठवडाभर ते बी निवडत होते. तीन काडेपेट्या भरल्या. म्हणाले, "दोन तुला. ज्यानं खाल्लं त्यानं पेरायचं. एक मी नेणार."

मुलीनं फोनवर सांगितलं होतं, पप्पा, विमानात बी-बियाणं चालत नाही, पकडतील. म्हणून मग माझ्याकडे पायजमा घेऊन आले. नाडीच्या पट्टीत बी शिवून दे म्हणाले. मी म्हटलं, शेठ, या वयात तुरुंगात जाल आणि तेही पायजम्यापायी. पण दिलं शिवून. बारीक टाका घातला, कुणाला कळलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी परत आले. पायजमा हातात.

"शिलाई उसव."

"का? घाबरलात?"

"नाही. रात्रभर विचार केला. तिकडे ही परकी होईल. आमच्या घराण्यात एकदा झालं ते. पुरे झालं." मग स्वेटरची खालची कड ओढत म्हणाले, "मी एकटा जातो."

मी टाके उसवले. बी तुझ्या आजोबांच्या रुमालावर झटकून घेतलं. तिसरी काडेपेटीही माझ्याकडेच राहिली.

इथं चौथ्या मजल्यावर ओल कुठून आणायची! पहिल्या वर्षी काहीच आलं नाही. रडायची पाळी आली. मग खोक्याच्या वर पाण्याची बाटली टांगली, बुडाला दाभणानं भोक पाडून, आणि थेंब थेंब गळेल असं केलं. नळासारखं. दुसऱ्या पेटीतलं बी टाकलं, आणि आठ रोपं आली. फूल आलं त्या दिवशी फोन लावला. तसा दिवाळी झाल्यापासून त्यांचाच रोज यायचा. नमस्कार नाही, तब्येत नाही. सरळ, "आली का?" मी म्हणायचे, नाही अजून. "अच्छा," आणि बंद. त्या दिवशी मी व्हिडीओ लावला, फोन पार फुलापाशी नेला. तिकडं शेठ फोन नाकाला लावून बघतायत, मला आपली त्यांची एक भुवई दिसतेय.

"आली," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "हां, हां." आणि मग पाच मिनिटं कुणी फोन ठेवला नाही.

असं दरवर्षी. मामा तुझा महिन्यातून एकदा येतो, तूही येतेस तशी. बाकी या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद. माझं म्हणशील तर वर्षातून एक महिना कुणीतरी मला रोज काहीतरी विचारायचं. एवढ्यावर बाकीचे अकरा निघायचे.

यंदा दिवाळी झाली, फोन आला नाही. म्हटलं, म्हातारे झाले, विसरले असतील. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी लावला तर लागायचाच नाही. मग ठरवलं, आता फूल आल्यावरच लावायचा, एकदम दाखवायचं, सरप्राईज. आणि त्याच दिवसांत तू आलीस आणि खोक्यात हात घातलास. कळलं आता? त्या पानांवर मी दिवस मोजत होते. तुझा हात नाही दिसला मला. मला माझी विळी दिसली.

नाताळच्या सुमाराला फूल आलं. मी केस विंचरले, फोन लावला, आणि उचलल्याबरोबर आधीच कॅमेरा फुलाकडे धरला. "आली बघा शेठ!" म्हटलं. मी आणखी जवळ नेला. "दिसतंय का? कोटवालीची आहे, सगळ्यात आधी हिलाच आलं."

बाईचा आवाज आला. "मासी, आप हो क्या?"

शेठ गणपतीच्या दिवसांतच गेले होते. मुलगी म्हणाली, "मासी, तुमचा नंबर पप्पांच्याच फोनमध्ये होता, आणि तो फोन मी कपाटात ठेवून दिला होता. आज चार्ज केला, फोटो काढून घ्यायला." बिचारी मलाच सॉरी सॉरी म्हणत होती. आणि मग म्हणाली, "ये क्या दिखा रहे थे आप? गवत आहे का?"

मी म्हटलं, "हां बेटा." फोन ठेवला. फूल तसंच हलत होतं. पाऊस सरल्यापासून ज्या माणसाला दाखवायचं म्हणून मी पाणी घालत होते, तो त्याआधीच नव्हता.

तर असं आहे. ही पाच पानं लिहायला मला तीन दिवस लागलेत. फोनवर सांगितलं असतं, पण दोन मिनिटांत बसत नाही गं हे.

संक्रांत झाली. खालच्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्यात, खिशाच्या कापडाच्या पिशव्या काल शिवल्या, पण सुईत दोरा ओवायला आता अर्धा तास जातो आणि शेंगेवर गाठ मारताना हात थरथरतो. दोन शेंगा मोडल्या माझ्याकडून. त्या शेठच्या तिसऱ्या काडेपेटीत आता काही उरलेलं नाही. यंदाचं बी जे हाती लागेल तेवढंच. एक पेटी मी तुझ्यासाठी रिकामी करून, पुसून ठेवली आहे, आणि त्यात ते तपकिरी बटण.

तुला पेरायचं नसेल तर नको पेरू. माझी सक्ती नाही. पण थंडी आली की मला फोन करून एवढं विचारशील का, आली का म्हणून? मी सांगेन, नाही अजून. मग तू ठेव.

या रविवारी ये. पुढचा नको, तोवर शेंगा उकलतील. साई भाजी करते, पालकाची, शपथ. आणि बूट दारात काढ. त्या फुलाशी बसायला खाली फरशीवरच बसावं लागतं.